शेजारी नगरपालिकांची सामायिक भुयारी गटार व्यवस्था : नियम ठरवताना काय पाहावे

दोन शेजारी नगरपालिकांनी आपले सांडपाणी एकाच मुख्य वाहिनीतून एकाच प्रक्रिया केंद्रात न्यायचे ठरवले, की दोघींमध्ये पुढची पंचवीस-तीस वर्षे सहजासहजी न सुटणारा संबंध तयार होतो. पाणीपट्टी थकली तर नळजोडणी तोडता येते. शेजारच्या गावाचे सांडपाणी मात्र बिल थकले म्हणून अडवता येत नाही, कारण अडवलेले पाणी त्या गावातल्या सखल भागातील घरांत उलटे शिरते किंवा जवळच्या नदीनाल्यात जाते. व्यवस्था एकदा सुरू झाली की नियम मान्य करून घेण्याचे साधन कोणत्याच बाजूच्या हाती फारसे उरत नाही. म्हणून जे ठरवायचे ते पहिला पाइप जोडण्याआधी आणि लेखी ठरवावे लागते.

सांडपाणी पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या, अशा दोन्ही बाजूंनी मी या वाटाघाटींत बसलो आहे. हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेले अभियंते, लेखाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यासाठी हा लेख आहे. कायदा ठिकाणानुसार बदलतो. पण पाणी उतारानेच वाहते आणि वाद त्याच त्या मुद्द्यांवर होतात, त्यामुळे खालील पायऱ्या बहुतेक ठिकाणी लागू पडतात. सगळ्या लेखाचा रोख एका गोष्टीवर आहे: बहुतेक करार कोरड्या दिवसाच्या सरासरी प्रवाहावर लिहिले जातात आणि बहुतेक भांडणे मुसळधार पावसाच्या रात्री होतात. करार त्या रात्रीसाठी लिहावा.

१. एकत्र येणे खरोखर सोयीचे आहे का, हे आधी तपासा

एकत्र येण्याची कारणे सबळ असतात. जमिनीचा उतार प्रशासकीय हद्द पाळत नाही, आणि एकाच खोऱ्यात वसलेल्या दोन गावांचे सांडपाणी शेवटी एकाच दिशेने जाते. मोठे प्रक्रिया केंद्र दर लिटरमागे स्वस्त पडते आणि त्यावर प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ व विद्युत अभियंता पूर्णवेळ ठेवणे परवडते. नदी किंवा तलाव सामायिक असेल तर एकेकट्या गावाचे प्रयत्न पुरेही पडत नाहीत. अमेरिकेतील सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टन या सरोवरात काठावरची गावे आपापले सांडपाणी प्रक्रिया करून सोडत असत. तरीही त्यातील फॉस्फरसमुळे सरोवर शेवाळाने भरत गेले. १९५८ मध्ये तिथल्या मतदारांनी संयुक्त संस्था मंजूर केली, १९६३ ते १९६८ या काळात ते सर्व पाणी टप्प्याटप्प्याने सरोवराबाहेर वळवण्यात आले आणि सरोवर पुन्हा नितळ झाले. जर्मनीतील एम्शर नदीच्या खोऱ्यात तर गावे, खाणी आणि कारखाने यांची सांडपाण्यासाठीची सामायिक संस्था १८९९ मध्येच स्थापन झाली आणि ती आजही काम करते.

तरीही प्रत्येक जोडणी फायद्याची नसते. मध्ये टेकडी असेल आणि सांडपाणी लांबवर पंपाने चढवावे लागत असेल, तर विजेचा खर्च कायमचा मागे लागतो. शिवाय दाबाच्या लांब वाहिनीत सांडपाणी तासन्‌तास प्राणवायूविना राहते, त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो आणि वाहिनी जिथे उघडते तिथे दुर्गंधी, काँक्रीटची झीज आणि कामगारांच्या जिवाला धोका, असे तिन्ही त्रास एकदम सुरू होतात. प्रक्रिया केलेले पाणी आपल्याच हद्दीत उद्यानांना, उद्योगांना किंवा उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीला हवे असेल, तर ते शेजाऱ्याकडे पाठवून देण्याआधी दोनदा विचार करावा.

२. व्यवस्थेचे कायदेशीर स्वरूप निवडा

साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिल्यात एक नगरपालिका मालक असते आणि दुसरी शुल्क देऊन सेवा घेते. दुसऱ्यात मुख्य वाहिनी व केंद्र यांची मालकी ठरलेल्या हिश्श्याने दोघींची असते. तिसऱ्यात दोघींच्या प्रतिनिधींचे स्वतंत्र मंडळ सगळी यंत्रणा चालवते. दोनच गावे असतील आणि एक दुसऱ्यापेक्षा बरेच मोठे असेल तर पहिला पर्याय सुटसुटीत पडतो. तीन किंवा अधिक गावे असतील तर माझे मत मंडळाच्या बाजूने आहे, कारण प्रत्येक जोडीचा स्वतंत्र करार सांभाळणे पुढे अशक्य होते.

स्वरूप कोणतेही असो, तीन गोष्टी विधी सल्लागाराकडून लेखी घ्या. आपल्या सभागृहाला इतक्या दीर्घ मुदतीचा करार करण्याचा अधिकार आहे का. राज्य शासनाची किंवा अन्य प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते का. आणि प्रक्रिया केलेले पाणी सोडण्याचा परवाना कोणाच्या नावावर राहणार. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्यावर दंड. मग बिघाड शेजारच्या कारखान्याने केलेला असला तरी.

वाटाघाटीला बसण्याआधी दोन्ही बाजूंनी पुढील कागदपत्रे जमवावीत. यांतले एखादे नसेल तर ते तयार होईपर्यंत आकड्यांवर बोलू नये.

– मलवाहिन्यांचा अद्ययावत नकाशा, प्रत्येक चेंबरच्या झाकणाच्या आणि तळाच्या पातळीसह. दोन्ही गावांच्या पातळ्या एकाच संदर्भबिंदूवरून घेतलेल्या हव्यात
– किमान एका पूर्ण वर्षाच्या प्रवाहाच्या नोंदी आणि त्याच काळातील पर्जन्यमापकाच्या नोंदी
– पाणीपुरवठ्याचे आकडे, खासगी विहिरी व कूपनलिकांच्या अंदाजासह
– सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगांची, रुग्णालयांची, उपाहारगृहांची आणि कपडे धुण्याच्या व्यवसायांची यादी
– लोकसंख्येचा व मंजूर विकास आराखड्याचा पुढील तीस वर्षांचा अंदाज
– प्रक्रिया केंद्राची मूळ आरेखन क्षमता, सध्याचा भार आणि परवान्यातील अटी
– मागील काही वर्षांचे देखभाल-दुरुस्तीचे खर्च, वीजबिले आणि या कामासाठी काढलेल्या कर्जांची थकबाकी
– दोन्ही सभागृहांचे ठराव आणि सध्या लागू असलेल्या उपविधी

पातळ्यांच्या संदर्भबिंदूची अट किरकोळ वाटते, पण दोन गावांची सर्वेक्षणे वेगवेगळ्या बिंदूंवरून केलेली असतील तर कागदावर उतार दिसतो आणि प्रत्यक्षात पाणी उलट दिशेने साचते. जोडणीच्या जागी संयुक्त सर्वेक्षण करून दोघांच्या सह्या घ्या.

३. हद्दीवरचे चेंबर ठरवा

सगळी व्यवस्था शेवटी एका जागेवर येऊन टेकते: ज्या चेंबरमध्ये एका गावाची वाहिनी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते ते चेंबर. ते नकाशावर अक्षांश-रेखांशासह नमूद करा. त्याची मालकी कोणाची, झाकण कोण बदलणार, गाळ कोण काढणार, किल्ली कोणाकडे आणि दुसऱ्या बाजूला केव्हाही प्रवेश मिळेल का, हे कलमात स्पष्ट लिहा. एकाऐवजी अनेक ठिकाणी जोडण्या असतील तर शक्य तितक्या एकत्र आणा. प्रत्येक जास्तीची जोडणी म्हणजे मोजमापाची एक जास्तीची जागा आणि वादाचे एक जास्तीचे कारण असते.

चेंबर रहदारीच्या रस्त्याच्या मधोमध घेऊ नका. तिथे वाहन उभे करून नमुना घेता यावा, मापकाला वीज मिळावी, आणि सगळे काम जमिनीवरूनच व्हावे, अशी रचना करा. माणूस खाली उतरवण्याची वेळ येता कामा नये. हायड्रोजन सल्फाइड साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दशलक्ष भागांत शंभर भाग) आसपास पोहोचला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे धोका नाही" हा समज जीवघेणा ठरतो. नमुना घेण्याची नळी आणि पातळी मापक वरूनच काढता-बसवता येईल, हे आराखड्यातच मागून घ्या.

४. क्षमता शिखर प्रवाहात लिहा

"पाठवणाऱ्या नगरपालिकेस ५ एमएलडी क्षमता उपलब्ध राहील" असे एक वाक्य बहुतेक मसुद्यांत सापडते, आणि ते अपुरे आहे. एमएलडी म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर. ही पूर्ण दिवसाची बेरीज झाली. वाहिनी आणि पंप भरतात ते सकाळच्या त्या एक-दोन तासांत. छोट्या गावात हा शिखर प्रवाह सरासरीच्या तिप्पट असू शकतो, मोठ्या शहरात तो दुपटीच्या जवळ राहतो. म्हणजे छोटे गाव जेव्हा ५ एमएलडी पाठवते, तेव्हा सकाळी काही काळ ते १५ एमएलडीच्या वेगाने पाठवत असते, आणि मुख्य वाहिनीत तेवढी जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी लागते.

म्हणून करारात निदान तीन मर्यादा हव्यात: वर्षभराचा सरासरी दैनिक प्रवाह, कोणत्याही एका दिवसाचा कमाल प्रवाह आणि कोणत्याही एका तासाचा कमाल प्रवाह. चौथी मर्यादा सेंद्रिय भाराची, म्हणजे बीओडीच्या (सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या) दिवसागणिक किलोग्रॅमची, जी सातव्या पायरीत येते.

वाढीचीही तरतूद आत्ताच करा. प्रवाह ठरलेल्या क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांवर पोहोचला की विस्ताराचे नियोजन सुरू करणे दोघींवर बंधनकारक असावे, कारण जमीन, मंजुऱ्या, निविदा आणि बांधकाम यांत कित्येक वर्षे जातात. न वापरलेली क्षमता दुसऱ्या बाजूला तात्पुरती भाड्याने देता येईल का, आणि पाठवणारी नगरपालिका तिसऱ्या गावाचे सांडपाणी परस्पर आपल्या वाहिनीत घेऊ शकेल का, हेही लिहा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी पूर्वसंमतीशिवाय "नाही" असेच ठेवावे.

५. प्रवाह मोजण्याची पद्धत ठरवा

इथे थोडा जास्त वेळ द्या. पाणीपुरवठ्याच्या ८० टक्के सांडपाणी धरून बिल काढण्याचा मार्ग सोपा आहे आणि आराखडा करताना तो योग्यही आहे. पण त्यात पावसाचे पाणी, झिरपणारे भूजल आणि खासगी विहिरींचे पाणी मोजलेच जात नाही. मापक बसेपर्यंतच्या काळापुरता तो ठेवावा आणि त्या काळाला मुदत घालावी.

सांडपाणी पंपाने येत असेल तर भरलेल्या पाइपवर बसणारा विद्युतचुंबकीय फ्लो मीटर सर्वांत विश्वासार्ह असतो. त्याच्या आधी साधारण पाइपच्या पाच व्यासांइतका आणि नंतर दोन-तीन व्यासांइतका सरळ भाग असावा लागतो, नाहीतर वाचन भरकटते. उत्पादकाची अट पाहून तेवढी जागा आराखड्यात आधीच ठेवा. सांडपाणी उताराने येत असेल तर पार्शल फ्ल्यूम वापरतात: उघड्या नाळेचा गळा अरुंद केलेला असतो आणि त्याच्या आधीच्या पाण्याच्या पातळीवरून प्रवाह काढला जातो. अर्धवट भरलेल्या पाइपच्या तळाशी वेग आणि खोली मोजणारे संवेदकही मिळतात, पण त्यांवर चिंध्या आणि गाळ अडकतो, आणि आठवड्याच्या आठवड्याला साफ करणारा माणूस नसेल तर त्यांच्या नोंदींवर बिल काढणे धोक्याचे असते.

पार्शल फ्ल्यूममध्ये एक सापळा आहे, आणि तो नेमका पावसाळ्यात लागतो. पुढची मुख्य वाहिनी तुंबली की पाणी मागे चढते आणि फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला साचते. गळ्याआधीची पातळी त्यामुळे वाढते, आणि एकाच ठिकाणची पातळी वाचणारे यंत्र ती वाढ प्रवाहाचीच समजून प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते. पाणी जवळजवळ थांबलेले असताना मापकावर वर्षातला सर्वांत मोठा प्रवाह नोंदला जातो. स्वीकारणारी बाजू त्यावर अधिभार लावते, पाठवणारी बाजू आकडा नाकारते, आणि तोवर पुरावा उरलेला नसतो. उपाय दोन आहेत. फ्ल्यूमच्या खालच्या बाजूसही पातळी मापक बसवावा, म्हणजे फ्ल्यूम बुडाला होता की नाही हे कळते; आणि बुडालेल्या काळातील नोंदी कोणत्या सूत्राने दुरुस्त करायच्या किंवा वगळायच्या, हे करारातच लिहावे.

जागा निवडण्याआधी जुन्या चेंबरचे झाकण उघडून टॉर्चने भिंत पाहा. पाणी जिथपर्यंत चढून राहिले होते तिथे तेलाची काळसर, चिकट रेघ असते आणि तिच्या आसपास कागदाचे व चिंध्यांचे तुकडे चिकटलेले असतात. अशी रेघ पाइपच्या माथ्याच्या बरीच वर असेल, तर कागदपत्रे काहीही सांगोत, ही वाहिनी तुंबते आणि इथे फ्ल्यूम टिकणार नाही.

मोजमापाच्या कलमात निदान एवढे हवे: मापक कोणाच्या मालकीचा, त्याची अचूकता किती अपेक्षित, वर्षातून किमान एकदा तिऱ्हाईत संस्थेकडून अंशशोधन (मापकाच्या अचूकतेची तपासणी व दुरुस्ती), त्या वेळी दोघांचे प्रतिनिधी हजर, आणि नोंदी दोन्ही कार्यालयांत एकाच वेळी दिसण्याची सोय. मापक बंद पडलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न नवख्या मसुद्यांत हमखास राहून जातो. पंप असतील तर पंप चाललेले तास गुणिले पंपाचा प्रत्यक्ष चाचणीने काढलेला विसर्ग, हा मार्ग बरा. पंप नसतील तर तशाच पर्जन्यमानाच्या आधीच्या दिवसांची सरासरी धरावी.

६. पावसाचे पाणी आणि भूजल यांचा नियम स्वतंत्र लिहा

भुयारी गटारात दोन मार्गांनी नको असलेले पाणी येते. फुटलेल्या सांध्यांतून आणि तडकलेल्या चेंबरांतून भूजल हळूहळू, दिवसरात्र झिरपते. आणि गच्चीचे, अंगणाचे, रस्त्याचे पाणी चुकीच्या जोडण्यांतून किंवा उघड्या झाकणांतून पाऊस सुरू होताच एकदम घुसते. दोन्ही दोषांची लक्षणे वेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून ते वेगवेगळे मोजावेत.

झिरप्याचा अंदाज घेण्यासाठी मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या सुमाराचा प्रवाह पाहा. त्या वेळी घरगुती वापर जवळजवळ थांबलेला असतो, त्यामुळे वाहिनीत जे वाहते त्यातले बरेचसे भूजल असते. लांब वाहिनीच्या टोकाला हीच वेळ थोडी पुढे सरकते, आणि जिथे पाणीपुरवठा रात्री सोडला जातो किंवा रात्रपाळीचे उद्योग आहेत तिथे हा आकडा फसवा असतो. हे लक्षात घेऊन तपासणीच्या रात्री निवडाव्यात. अचानक घुसणाऱ्या पाण्यासाठी पर्जन्यमापक आणि मापक यांच्या नोंदी एकाच आलेखावर मांडा. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात प्रवाह उसळत असेल तर चुकीच्या जोडण्या आहेत. दोन-तीन दिवस हळूहळू चढत आणि उतरत असेल तर सांधे गळके आहेत. जागा शोधण्यासाठी वाहिनीत निरुपद्रवी धूर सोडण्याची चाचणी, रंगद्रव्याची चाचणी आणि कॅमेरा फिरवून पाहणी, ही साधने पुरतात. धुराच्या चाचणीआधी रहिवाशांना आणि अग्निशमन दलाला लेखी कळवा.

करारातला नियम असा असावा, की तासाच्या कमाल मर्यादेचे उल्लंघन ठरावीक वेळांपेक्षा जास्त झाले तर पाठवणाऱ्या नगरपालिकेने ठरलेल्या मुदतीत शोध घेऊन दुरुस्तीचा कार्यक्रम सादर करावा, आणि तो पूर्ण होईपर्यंत जादा प्रवाहावर अधिभार द्यावा. नुसता अधिभार ठेवला तर पैसे भरून प्रश्न तसाच सोडण्याकडे कल होतो, आणि दरम्यान खालच्या गावातल्या घरांत मैला शिरतच राहतो. दुरुस्ती शक्यच नसेल तिथे हद्दीच्या अलीकडे साठवण टाकी बांधून पावसातला उसळा थोपवावा आणि रात्री हळूहळू सोडावा. हाच नियम स्वीकारणाऱ्या नगरपालिकेच्या स्वतःच्या वाहिन्यांनाही लागू करा. मुख्य वाहिनीतली जागा तिच्या गळक्या पाइपांनी खाल्ली असेल आणि दोष शेजाऱ्याला दिला जात असेल, तर तो करार अन्यायाचा आहे, आणि अशा परिस्थितीत पाठवणाऱ्या बाजूने सही करू नये.

७. सांडपाण्याची प्रत आणि उद्योगांवरील नियंत्रण

स्वीकारणाऱ्या नगरपालिकेचा अधिकार शेजारच्या हद्दीतल्या कारखान्यावर चालत नाही. यावरचा मार्ग एकच: पाठवणाऱ्या नगरपालिकेने आपल्या उपविधी स्वीकारणारीच्या उपविधींइतक्या तरी कडक कराव्यात, ही कराराची पूर्वअट ठेवावी. स्वीकारणारीने पुढे नियम बदलले तर ठरलेल्या महिन्यांत पाठवणारीनेही बदलावेत. शिवाय संयुक्त तपासणीचा हक्क आणि हद्दीतील प्रत्येक मोठ्या सोडणाऱ्याची वार्षिक यादी मागावी.

ज्वालाग्राही द्रव, तीव्र आम्ल वा अल्कली, आधी वेगळे न काढलेले तेल व चरबी, बांधकामाचा राडारोडा, चिंध्या आणि अतिउष्ण पाणी यांना सरसकट मनाई असावी. पीएच, तापमान, तेल आणि जड धातू यांच्या मर्यादा आकड्यांत द्याव्यात. "हानिकारक द्रव्ये सोडू नयेत" अशा शब्दांवर कोणतीही कारवाई टिकत नाही.

बीओडीच्या बाबतीत चाचणीची पद्धतही लिहा. काही ठिकाणी ती २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची असते, काही ठिकाणी २७ अंशांना तीन दिवसांची. एका प्रयोगशाळेने एक आणि दुसरीने दुसरी पद्धत वापरली तर तुलनेला अर्थ उरत नाही. नमुना चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला असावा. सकाळी बाटली बुडवून घेतलेला नमुना त्या एका मिनिटाचे सांगतो, दिवसाचे नाही. नमुन्याचे तीन भाग करावेत: एक पाठवणाऱ्याच्या प्रयोगशाळेला, एक स्वीकारणाऱ्याच्या, आणि तिसरा तिऱ्हाईत प्रयोगशाळेकडे. बीओडीचा नमुना थंड ठेवूनही फार काळ टिकत नाही, म्हणून तिसरा भाग वाद झाल्यावर तपासू असे म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नये. तिन्ही चाचण्या एकाच वेळी सुरू व्हाव्यात.

८. खर्चाची विभागणी

भांडवली खर्च आणि चालू खर्च यांचे नियम वेगळे ठेवा. मुख्य वाहिनी आणि पंपिंग स्टेशन यांचा भांडवली खर्च राखून ठेवलेल्या शिखर प्रवाहाच्या प्रमाणात, आणि तोही फक्त दोघींचे पाणी एकत्र वाहते त्या लांबीपुरता वाटावा. चालू खर्चात कोणता खर्च कशामुळे होतो ते पाहावे: पंपांची वीज प्रवाहामुळे, हवा सोडणाऱ्या यंत्रांची वीज बीओडीमुळे, गाळ उपसण्याचा व वाहून नेण्याचा खर्च तरंगत्या घन पदार्थांमुळे.

एक उदाहरण करून पाहू. अ नगरपालिका दिवसाला २० एमएलडी सांडपाणी देते आणि त्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. ब नगरपालिका ५ एमएलडी देते, पण तिथल्या खाद्यप्रक्रिया उद्योगांमुळे बीओडी ४०० मिलिग्रॅम आहे. एमएलडी गुणिले मिलिग्रॅम म्हणजे थेट दिवसाचे किलोग्रॅम मिळतात, तेव्हा अ चा भार ४,००० किलोग्रॅम आणि ब चा २,००० किलोग्रॅम. प्रवाहाने पाहिले तर ब चा हिस्सा २० टक्के, भाराने पाहिले तर ३३ टक्के. सगळा खर्च केवळ प्रवाहावर वाटला तर ब च्या उद्योगांचा भार अ मधील घरे उचलतात. उलट ब चे सांडपाणी गळक्या वाहिन्यांमुळे पातळ होऊन आले आणि सगळा खर्च केवळ भारावर वाटला, तर पंपांचा बोजा पुन्हा अ वरच पडतो. दोन्ही मापे लागतात.

दरमहा अंदाजित बिल आणि वर्षअखेर लेखापरीक्षित आकड्यांवर समायोजन, ही पद्धत बहुतेकांना जमते. पाठवणाऱ्या बाजूला हिशेबाची पुस्तके पाहण्याचा हक्क असावा, आणि स्वीकारणारीचा सामान्य प्रशासकीय खर्च बिलात किती टक्क्यांपर्यंत घेता येईल याला कमाल मर्यादा असावी. यंत्रसामग्री साधारण पंधरा वर्षांत आणि वाहिन्या तीस किंवा अधिक वर्षांत बदलाव्या लागतात. त्यासाठीचा नूतनीकरण निधी पहिल्या वर्षापासून स्वतंत्र खात्यात जमा करा. हा निधी नसेल तर पंप जळाल्यावर दोन सभागृहांच्या मंजुरीची वाट पाहत मैला नदीत सोडावा लागतो.

९. बिघाड, वाद आणि बाहेर पडणे

वीज गेली, वाहिनी फुटली किंवा केंद्र बंद पडले तर कोणी कोणाला किती वेळात कळवायचे, हे पदनामांसह लिहा, व्यक्ती बदलतात. दोन्ही बाजूंच्या पंपचालकांना एकमेकांचे क्रमांक माहीत असणे हे वरिष्ठांच्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त उपयोगी पडते. दंड झाला तर कारण ज्याच्या हद्दीत सापडेल त्याने भरावा, आणि कारण सापडले नाही तर भाराच्या प्रमाणात वाटावा.

वादाच्या काळातही सांडपाणी स्वीकारणे थांबणार नाही आणि बिलाचा निर्विवाद भाग वेळेवर भरला जाईल, ही दोन वाक्ये शेजारी शेजारी असावीत. एकाशिवाय दुसरे मान्य करू नका. तांत्रिक मुद्दा आधी दोघांच्या अभियंत्यांच्या समितीकडे, मग दोघांनी मिळून नेमलेल्या तज्ज्ञाकडे, आणि त्यानंतरच लवादाकडे किंवा न्यायालयाकडे, असा क्रम ठेवा. प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा घाला.

मुदत कर्जफेडीपेक्षा कमी नसावी, आणि दर पाच वर्षांनी आकड्यांचा फेरविचार व्हावा. बाहेर पडायचे असेल तर पूर्वसूचना इतक्या वर्षांची हवी, की त्या काळात स्वतःचे केंद्र उभे राहू शकेल. उरलेले कर्ज, राखून ठेवलेल्या क्षमतेची किंमत आणि नूतनीकरण निधीतला हिस्सा यांचा हिशेब कसा होईल, तेही आत्ताच ठरवा.

१०. सह्या झाल्यानंतरचे पहिले वर्ष

पहिल्या वर्षी दर महिन्याला दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी हद्दीच्या चेंबरवर एकत्र जाऊन वाचन घ्यावे आणि जागेवरच सह्या कराव्यात. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांच्या आत मापकाच्या आणि पर्जन्यमापकाच्या नोंदी एकत्र बसून पाहाव्यात, कारण त्या वेळी प्रसंग सर्वांच्या आठवणीत असतो आणि फ्ल्यूम बुडाला होता का, झाकणे कोणी उघडली होती का, हे विचारता येते. अंशशोधनाची प्रमाणपत्रे, सर्वेक्षणाच्या पातळ्या, चेंबरची छायाचित्रे आणि समितीची इतिवृत्ते यांची एक संयुक्त धारिका करून तिची प्रत दोन्ही कार्यालयांच्या अभिलेख कक्षात ठेवा. अधिकारी बदलताना पदभाराच्या यादीत या धारिकेची वेगळी नोंद करा, आणि नव्या अधिकाऱ्याला कागद सोपवण्याआधी एकदा त्या चेंबरवर घेऊन जा.